हिरवा देठ म्हणजे विष नव्हे

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज: ‘केळं पिवळं आणि देठ हिरवा, म्हणजे कार्बाइड. खाऊ नका, दहा जणांना पाठवा.’ कार्बाइड म्हणजे फळं झटपट पिकवायला वापरतात ते रसायन. आमच्या काकूंनी तो मेसेज वाचला आणि अख्खी फणी गुरांपुढे टाकली. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेरच्या पट्ट्यात, जिथं केळीवर घरं चालतात तिथं! संताप येतो.

केळं कसं पिकतं हे चार ओळींत मावतच नाही. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात. तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांवर, साधारण २४ तास. मग दार उघडून हवा खेळवायची, कारण फळं कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो साचला की पिकणं रेंगाळतं. पारा १३ च्या खाली गेला तर साल राखाडी, मळकट पडते. फार चढला तर गर लिबलिबीत आणि साल हिरवीच. आणि हे इथिलीन फळ स्वतःसुद्धा बनवतं! चेंबरमधून माल देठाला-टोकाला हिरवा असतानाच काढतात, म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत टिकतो. काकूंनी फेकलेली फणी बहुतेक अशीच होती.

कार्बाइड वापरणारे आहेत, कबूल. त्यात आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात, बंदी आहे ती योग्यच. पण नुसत्या देठावरून ते ओळखता येत नाही.

काकूंवर राग नाही हो. त्यांच्या हातात कुणी धड लेख दिलाच नाही, दिले ते फॉरवर्ड. मित्रांनो, लांब लेख वाचा आणि घरच्यांना वाचून दाखवा. निवडताना एवढंच बघा: किती, किती अंशाला, किती वेळ आणि कुठं बिघडतं, हे लिहिणाऱ्यानं सांगितलंय का?

सुरुवात पनामा मर रोगापासून करा, मातीतल्या बुरशीनं केळीची झाडं मारणारा रोग. ग्रो मिशेल ही केळीची जात या रोगापायी १९५० च्या दशकात जगाच्या व्यापारातून उठत गेली. तिच्या जागी कॅव्हेंडिश गट आला, आपली ग्रँड नैन त्यातलीच. बी नाही, सगळी रोपं एकाच झाडाच्या नकला. एकाला लागलं की सगळ्यांना लागतं. आता त्याच रोगाच्या बुरशीचा टीआर४ नावाचा प्रकार कॅव्हेंडिशच्याही मुळावर उठलाय. मातीत ही बुरशी वर्षानुवर्षं राहते, औषधाला दाद देत नाही, बुटाच्या चिखलातून शेतात येते. रोपं कुठून आणली, ट्रॅक्टरची चाकं धुतली का, ही चर्चा त्या ग्रुपवर कधी होणार?