सहावा शनिवार

आमच्या कट्ट्यावर कुणाला नाव नाही, फक्त हुद्दा आहे. पुण्यात दांडेकर पुलाच्या अलीकडे मावशींची चहाची टपरी, तिच्या शेजारी एका कायम बंद दुकानाच्या तीन पायऱ्या, तोच आमचा कट्टा. मास्तर शाळेत शिकवतात आणि वयाने आमच्यात मोठे. ‘रेल्वे’ घोरपडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढला आणि आता रेल्वेतच चिकटलाय. ‘वायरमन’ जनता वसाहतीत जन्मला, हल्ली धायरीत वन बीएचके घेऊन राहतो, पण संध्याकाळी पाय इकडेच वळतात. ताई वस्तीत बचत गट चालवते. मला ‘पेपर’ म्हणतात, कारण मी वाचतो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

परवा मास्तर आले ते काखेत फाइल धरून. कुठल्याशा कंपनीला वस्तीतल्या मुलांसाठी स्काउट पथक काढून द्यायचंय. बत्तीस मुलं मास्तरांनी शोधायची. गणवेश, बूट, स्कार्फ, शिट्ट्या, बॅनर सगळं कंपनीचं. पंधरा ऑगस्टला उद्घाटन, पाहुणे, फोटो.

“चांगलंय की,” मी म्हटलं.

“बोगस आहे,” वायरमन म्हणाला. फाइल उघडायच्या आतच.

त्याचं म्हणणं सरळ होतं. स्काउटात शिकवतात काय? गाठी मारायला, चूल पेटवायला, भात शिजवायला, स्वतःचे कपडे धुवायला. “आमच्या गल्लीतली दहा वर्षांची पोरगी पाच माणसांचा स्वयंपाक करते. तिला तुम्ही पाककलेचा बॅज देणार, आणि त्यासाठी आधी तिची परीक्षा घेणार? आणि ती तुमची खरी कमाई!”

खरी कमाई म्हणजे काय ते ज्यांच्या शाळेत स्काउट नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. मुलांनी लोकांच्या घरी जाऊन छोटी कामं करायची, गाडी पूस, बागेला पाणी घाल, आणि मिळालेले पैसे पथकाकडे जमा करायचे. श्रमाचं मोल कळावं हा हेतू. आमच्या वेळी सोसायटीतल्या काकू दोन रुपये आणि लाडू द्यायच्या. वायरमन त्याच वयात पहाटे पेपर टाकायचा आणि पैसे आईकडे द्यायचा. त्याची कमाई खरी होती, पण तिची नोंद करायला कुणी कार्ड घेऊन आलं नव्हतं.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि मावशी टपरीवरची ताडपत्री बांधायला उठल्या. रेल्वे त्यांच्या हातांकडे बघत राहिला. खांबाला दोन वेढे, एकावर एक तिरपा, टोक खालून. “ही स्काउटातली क्लोव्ह हिच गाठ आहे!” तो ओरडलाच. “मावशी, कुठे शिकलात?”

“शिकायचं काय त्यात? दोनदा ताडपत्री उडाली की आपोआप येतं.”

वायरमनने आमच्याकडे असं पाहिलं, की बघा, विषय संपला.

पण रेल्वे सोडणाऱ्यातला नाही. म्हणाला, “सगळ्या गाठी ताडपत्री उडून येत नाहीत. ओढ्याची ती रात्र आठव.”

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा अरण्येश्वर, सहकारनगर असं करत इथे दांडेकर पुलाशी येतो आणि पुढे मुठेला मिळतो. एरवी नाक दाबून ओलांडायचा नाला, त्या रात्री भिंती घेऊन गेला. माणसं गेली. वायरमन तेव्हा इथेच राहायचा. दोरखंड होता, ओढणारे हातही होते, असं तोच कधीतरी बोलला होता. पण ज्याला पाण्यातून ओढायचं त्याच्या अंगाभोवती बांधला होता सरकफास. जितकं ओढावं तितका तो बरगड्यांत रुतला. माणूस वाचला, पण कितीतरी दिवस त्याला कुशीवर वळता येत नव्हतं.

“बोलाइन गाठीचा फास आवळत नाही,” रेल्वे म्हणाला. “केवढाही ताण द्या, वेटोळं तेवढंच राहतं. मला अकराव्या वर्षी शिकवली. आजही डोळे मिटून मारतो.” आणि त्याने मावशींची उरलेली सुतळी घेऊन खरंच मारून दाखवली.

वायरमन काही बोलला नाही. चहा मागवला. त्याच्या बाबतीत हे बरंच झालं म्हणायचं.

मग मी माझी पोतडी उघडली. हे सगळं सुरूच कसं झालं बघा. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउटचा जनक बेडन-पॉवेलने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला. पोरं वीसेक. मुद्दाम निम्मी बड्या घरची, ईटन-हॅरोसारख्या शाळांतली, आणि निम्मी कामगारांच्या घरची. एका टोळीत दोन्ही. म्हणजे ज्याला आपण वस्तीत नेऊ म्हणतोय ते मुळात…

“आणि आपल्याकडे?” ताईने मध्येच तोडलं.

आपल्याकडे १९०९ ला बंगळूरमध्ये आलं. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद. मग १९१६ ला ॲनी बेझंट यांनी मद्रासला वेगळी संघटना काढली. १९१८ मध्ये पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काउट उभे केले. हे वेगवेगळे सुभे एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स झालं ते थेट ७ नोव्हेंबर १९५० ला.

“म्हणजे कुणाला तरी दाराबाहेर ठेवायची रीत पहिल्या दिवसापासूनची,” वायरमन म्हणाला. याला उत्तर नव्हतं. एवढंच म्हणता आलं, की बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःची पथकं काढली म्हणून तर दार उघडलं.

खरी गंमत पुढे झाली. मला वाटत होतं वायरमनचा राग गणवेशावर असणार. मी त्याच्याच बाजूने बोलायला गेलो. म्हटलं, गणवेशाची सक्तीच नको. स्कार्फ पुरे. शर्ट-पँट, पट्टा, टोपी, बूट यांच्या खर्चापायी गरीब पोरं आधीच गळतात.

तो उखडला. “तुम्ही लोकांनी ना, गणवेशाला नावं ठेवू नयेत. तुम्हाला तो कंटाळा. मला आठवीपर्यंत अंगाला कधी नवीन कापड लागलं नाही. चुलतभावाचा शर्ट, साहेबांच्या पोराची पँट, कंबरेला सुतळी. स्काउटवाली पोरं झेंड्याला उभी राहायची, तेव्हा मी मागच्या रांगेत होतो, कारण मागच्या रांगेतल्यांचे पाय दिसत नाहीत. गणवेश द्यायचाच असेल तर पूर्ण द्या. आणि ढिगातून उचलून नाही, माप घेऊन.”

म्हणजे मघाशी ज्याने बोगस म्हटलं तोच आता शिंप्यापर्यंत पोचला होता.

रेल्वेने मग आपली कुंडली मांडली. त्याचे वडील गँगमन. रुळावर फावडं मारणारे. घरात सहा माणसं, पगार जेमतेम. पैशाने बघाल तर वायरमनच्या घरात आणि त्याच्या घरात फार फरक नव्हता. पण रेल्वेची स्वतःची स्काउट संघटना आहे, राज्यासारखी वेगळी. कॉलनीत मैदान होतं, दोऱ्या-काठ्या ठेवायला खोली होती, आणि दर रविवारी सकाळी सात वाजता एक स्काउट मास्तर यायचे. फिटर होते ते. “मी त्यांना कधी उशिरा आलेलं पाहिलं नाही. पावसात पोरं यायची नाहीत, पण ते यायचे. आम्ही खिडकीतून बघायचो आलेत का. यायचेच. मग लाजेकाजेने आम्हीही.”

गरिबीमुळे स्काउट पोचत नाही असं आपण सहज म्हणून जातो. गँगमनच्या पोरापर्यंत पोचलं, कारण तिथे दर रविवारी येणारा माणूस होता. माझ्या मते त्या संध्याकाळी कट्ट्यावर बोललं गेलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य, आणि ते रेल्वेने सुतळी गुंडाळत सहज टाकलं.

मास्तरांनी शाळेतली बाजू सांगितली. आपल्याकडे पथकं बहुतेक शाळेच्या आश्रयाने चालतात. शाळेबाहेरची मुक्त पथकं काढता येतात, पण काढतं कोण? नववी-दहावीत स्काउट-गाईड (गाईड म्हणजे मुलींचं पथक), आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षा पथक, यातलं काहीतरी घ्यायचं आणि श्रेणी मिळवायची. ज्या शिक्षकाच्या गळ्यात ते पडतं त्याच्याकडेच मतदारयाद्या, त्याच्याकडेच पोषण आहाराच्या नोंदी. तो आठवडाभराचा बेसिक कोर्स करून येतो, महिनाभर उत्साह असतो, मग बदली होते. काही शाळांत पथक फक्त सव्वीस जानेवारीला उगवतं. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी शिडी आहे. “वस्तीतली मुलं पहिल्या पायरीवर फोटो काढतात आणि शिडी दुसरीकडे जाते.”

“आणि आईबाप विचारणार, त्याने मिळतं काय,” ताई म्हणाली.

इथे रेल्वेने छाती फुगवली. रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती होते. राष्ट्रपती पुरस्कार किंवा त्या तोडीची पात्रता लागते, वर काही वर्षांचं चालू सदस्यत्वही. पण जागा मोजक्या, हे त्याने स्वतःच कबूल केलं. नोकरीचं गाजर दाखवून बत्तीस पोरं जमवली तर एकतीस जण फसवल्यासारखे घरी जातील.

साने गुरुजी स्मारक इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे कुणीतरी राष्ट्र सेवा दलाचा विषय काढणारच, तो काढला ताईने. १९४१ पासून आहे, शिबिरं आहेत, लेझीम आहे, मग हे वेगळं कशाला? दहा मिनिटं त्यावर गेली. शाखा, सेवा दल, स्काउट, कुणाची अर्धी चड्डी जुनी, वगैरे. ते लिहीत नाही. प्रत्येक कट्ट्यावर झालेलं आहे आणि कुठेच संपलेलं नाही.

मी पुन्हा परदेशी गेलो. अमेरिकेत १९७२ साली बॉय स्काउट्सवाल्यांनी ठरवलं, की शहरातल्या, विशेषतः गरीब वस्त्यांतल्या पोरांना जंगल काय कामाचं? अभ्यासक्रम बदलला. सगळ्यात वरचा ईगल हा मान कॅम्पिंगच्या बॅजशिवाय मिळू लागला. सदस्य वाढायच्या ऐवजी धडाधड घटले. शेवटी विल्यम हिलकोर्ट नावाचा जुना जाणता निवृत्तीतून परत आला, पुस्तिका नव्याने लिहिली आणि १९७९ मध्ये तंबू, शेकोटी, रानवाट परत आणली.

“बघ,” वायरमन म्हणाला, “गरिबाच्या पोराला मजा नको, उपयोगाचंच द्या, हे तिकडेही आहे तर.” मग त्याने मान वळवून पर्वतीकडे हात केला. “आम्हाला पचमढीच्या राष्ट्रीय स्काउट केंद्राचं तिकीट नकोय. वसाहतीच्या मागून वर चढलं की तळजाईची टेकडी. तिथे मोर आहेत. आम्ही तिथे सरपणाला जायचो आणि रखवालदार दिसला की पळायचो. त्याच रानात नकाशा हातात घेऊन, परवानगीने, ताठ चालत गेलो असतो ना…” वाक्य त्याने अर्धवटच ठेवलं.

ताईचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता, आणि आम्हा चौघा बाप्यांपैकी एकालाही सुचला नव्हता. “मुली कशा येणार? चार वाजता नळ येतो. कडेवर धाकटा असतो. तुमची गाईड कॅप्टन म्हणेल, भावंडं आणायची नाहीत, शिस्त बिघडते. संपलं. पोरगी पुन्हा येणार नाही.” तिचं म्हणणं, नळाची वेळ बघून वेळ ठरवा आणि धाकट्यांना कोपऱ्यात बसवायला एक बाई ठेवा. बॅनरच्या पैशात होतं.

यावर मला न्यूयॉर्कचं ट्रूप ६००० आठवलं. २०१७ मध्ये क्वीन्स भागातल्या, बेघर कुटुंबांना ठेवलेल्या एका हॉटेलात गर्ल स्काउट्सचं हे पथक सुरू झालं. कल्पना तिथेच मुलांसह राहणाऱ्या एका आईची. त्यातली खुबी अशी, की कुटुंबाला एका निवाऱ्यातून दुसऱ्यात हलवलं तरी मुलीचं पथक सुटत नाही. घर, शाळा, मैत्रिणी सगळं बदलतं, पथक तेच.

हे ऐकून मास्तर पहिल्यांदा सरसावून बसले. इथे २०२१ च्या जूनमध्ये ओढ्याकाठच्या घरांवर बुलडोझर आला होता. त्यांच्या वर्गातली मुलं पांगली, काही कुठे गेली ते हजेरीपटालाही कळलं नाही. “पथक शाळेला नाही बांधायचं,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “मुलाला बांधायचं.”

पाऊस सुरू झाला. ताडपत्री जागची हलली नाही.

वायरमनने फाइल उघडली, बॅनरचा नमुना पाहिला, मिटली. “मास्तर, उद्घाटनाला मी येत नाही. पहिल्या शनिवारी सगळे येतील. दुसऱ्याला कंपनीची चार पोरं येतील टी-शर्ट घालून. मला सहाव्या शनिवारी कोण आहे ते सांगा.”

मास्तरांनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर महिन्याचे चार शनिवार लिहिले. पहिल्यापुढे स्वतःचं नाव. रेल्वेने दुसरा घेतला, ड्युटी बदलून घेईन म्हणाला. तिसरा ताईचा, मुलींसाठी तर तिला दर शनिवारीच यावं लागणार होतं. चौथ्यापुढे पेन थांबलं.

वायरमन म्हणाला, “माझं लिहा. पण दोन जण हवेत, मला कधी अर्जंट कॉल येतो.”

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. शनिवारी मला साधारण काय काय असतं, ते मी सांगायला सुरुवात केली. मावशींनी ग्लास उचलता उचलता विचारलं, “पेपर शनिवारी बंद असतो का?”