अर्धी दाढी आणि जैसलमेर

काल सलूनमध्ये माझा डावा गाल उरकला होता, उजव्यावर फेस होता, आणि नेमकं तेव्हाच बाकड्यावरच्या काकाजींनी तोंड उघडलं. फेस लावलेल्या माणसाला पळता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"काऊन गा, वाळवंटात गेल्ता म्हणते तू?"

गेलो होतो. जैसलमेरला पर्यावरणावर लिहिणाऱ्या पत्रकारांचं संमेलन होतं. आमच्या पेपरनं सुट्टी दिली, तिकीट नाही. असो.

"कायले गेल्ता?"

"पाण्यावर चर्चा होती, काकाजी."

"तिथं हाय पाणी?"

"वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पडतं."

"मंग पाणी नाई थे पाहाले इतक्या दूर? माह्या घरी ये ना, नळ दाखोतो."

वस्तरा थांबला. सलूनवाल्याला एका वेळी एकच जमतं, दाढी नाहीतर कान देणं.

मी अर्ध्या तोंडानं खडीन समजावू लागलो. उताराच्या पायथ्याला मातीचा लांब बांध घालतात, पावसाचं पाणी त्यामागं अडतं, मुरतं, आणि त्याच ओलीवर गहू-हरभरा होतो. तिथल्या पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बसवलेली रीत.

"म्हंजे धुराच त!" काकाजी कडाडले. "माहा धुरा शेजाऱ्यानं कोरून खाल्ला, थे नाई छापलं तुनं?"

नाही छापलं. धुऱ्याच्या भानगडीत पडलेला बातमीदार दोन्ही वावरांतून हाकलला जातो.

"बरं, माळढोक तरी दिसला?"

तोही नाही. जगात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक तिकडेच, आणि तेही विजेच्या तारांवर आदळून मरतात. जड पक्षी, समोरचं धड दिसत नाही. तारा जमिनीखालून न्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल केला.

"माहा मामा वरोऱ्याकडचा," काकाजी बाकड्यावर सरसावून बसले. "त्यानं एक खाल्ल्ता. चिवट लागते. तुले दिसला नाई, मी त चव सांगून रायलो!"

बाकडं खदखदलं. सलूनवाल्यानं हसत हसत वस्तऱ्यावरचा फेस कागदावर पुसला. कागद ओळखीचा वाटला. माझीच बातमी!

रात्र जागून ओरणांवर लिहिलं होतं. देवाच्या नावानं राखलेली रानं, जिथं कोणी कुऱ्हाड चालवत नाही आणि जिथं आता सौर प्रकल्पांचा डोळा आहे. डेस्कनं ते सगळं उडवलं. उरल्या आठ ओळी, त्यात 'पत्रकारांनी उंटावरून सफारीचा आनंद लुटला' ही माझी नव्हेच. उंटापासून मी चार हात लांब होतो.

संमेलनात तरी काय वेगळं? 'ग्रामीण पत्रकारांचा आवाज' यावर व्यासपीठावरून तासभर बोलले, त्यात ग्रामीण एकही नव्हता. माइक माझ्याकडे आला तेव्हा जेवणाची घोषणा झाली. मला एवढंच विचारायचं होतं, की जैसलमेरच्या चौपटीहून जास्त पाऊस आमच्या यवतमाळात पडतो, तरी एप्रिलात टँकर कशाला लागतो? प्रश्न ऐकायला कुणी थांबलं नाही; डाल-बाटी गरम होती.

"उंट कसा हालते गा, बसल्यावर?" सलूनवाल्यानं विचारलं.

"मी बसलोच नाही."

त्यानं फेसाळलेला कागद उचलून ओळ वाचली.

"पेपरात हाय ना. बसलाच असशीन."