सुलभाताईंची कारकीर्द छबिलदासच्या शाळेपासून मोजा

सुलभा देशपांडे म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "इंग्लिश विंग्लिशमधली सासू ना?" त्याआधीच्या पिढीला 'चौकट राजा'तली नंदूची आई आठवते. दोन्ही कामं अस्सलच. पण 4 जून 2016 ला त्या गेल्या तेव्हा अनेकांच्या श्रद्धांजलीत या दोन भूमिकांपलीकडे काहीच नव्हतं. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

1967 साली राज्य नाट्यस्पर्धेत 'रंगायन' या नाट्यसंस्थेने विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि नायिका लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई. वेळ घालवायला म्हणून मांडलेला लुटुपुटीचा खटला बघता बघता एका बाईची शिकार होतो. शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. बाकी सगळे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलते, कोर्टातल्या एकाच्याही कानावर न पडणारं.

त्यानंतर कितीतरी अभिनेत्रींनी ते स्वगत केलंय, स्पर्धांमध्ये तर विचारायलाच नको. बहुतेक जणी पहिल्या वाक्यापासून रडायला लागतात आणि तिथेच बेणारे हातातून निसटते. ती दया मागत नाहीये. तिच्यात राग आहे, हौस आहे, शरीराची ओढ आहे, जगण्याचा हट्ट आहे. सुलभाताईंनी हे सगळं एकाच बाईत नांदवलं. मूळ प्रयोग माझ्या पिढीच्या वाट्याला आला नाही. सत्यदेव दुबेंनी 1971 मध्ये केलेल्या चित्रपटात मात्र सुलभाताईच आहेत. अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकाने तो बघावा, आणि बेणारे अजून हसत-खिदळत असते तो सुरुवातीचा भाग तर दोनदा बघावा. पुढे काय चिरडलं जाणार आहे, ते तिथे कळतं.

बेणारे शाळेत शिकवते. सुलभाताईही शिक्षिका होत्या, दादरच्या छबिलदास शाळेत. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम या शाळेतूनच उभं राहिलं.

1971 मध्ये अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि सुलभाताईंनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली. प्रायोगिक नाटकवाल्यांची अडचण तेव्हाही आजचीच, जागा. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही आणि त्या नाटकाला हजार माणसं येतही नाहीत. 1974 पासून छबिलदासचं सभागृह मिळू लागलं, त्यात सुलभाताईंचं शाळेशी असलेलं नातं कामाला आलं. ना धड रंगमंच, ना ऐसपैस विंगा, त्यात बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट. तरीही नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत मराठी प्रायोगिक नाटकाचा पत्ता तोच होता. दुबे तिथे आले, अमोल पालेकर आले, नवे लेखक आले. जागा फक्त आपल्या संस्थेपुरती राखून ठेवली असती तर 'छबिलदास चळवळ' हा शब्दच जन्माला आला नसता.

बेणारेसारखी भूमिका गाजवलेल्या नटीला मुख्य भूमिकांच्या मागे धावता आलं असतं. सुलभाताईंनी वेळ दिला तो मुलांना. 'चंद्रशाला' या आविष्कारच्या बालरंगभूमीवर 'दुर्गा झाली गौरी' आलं. मंचावर ढीगभर मुलं, नाच, गाणी आणि त्यातून हट्टी दुर्गेची शहाणी गौरी होणं. बालनाट्य म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतला टाइमपास असं मानणाऱ्यांनी या नाटकाकडे एकदा नीट पाहावं. मुलांच्या पिढ्या बदलल्या, नाटक चालू राहिलं. मुलांना घेऊन नाटक बसवायला किती चिकाटी लागते, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

1987 मध्ये अरविंद देशपांडे गेले. सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्याच वर्षीचा. नवरा आणि दिग्दर्शक एकाच वेळी गेल्यावर संस्था बंद पडली असती तरी कोणी बोल लावला नसता. आविष्कार थांबली नाही. छबिलदास सुटल्यावर माहीमच्या महापालिका शाळेत तालमी आणि प्रयोग होत राहिले.

सिनेमांची यादी चटकन सापडते, म्हणून नटाची कारकीर्द आपण तिच्यावरूनच ठरवतो. 'भूमिका', 'जैत रे जैत' ही नावं त्या यादीत अभिमानाने असावीतच. पण सभागृह मिळवून देणं, पोरांच्या तालमी घेणं, दुसऱ्यांच्या नाटकाला दार उघडं ठेवणं, याची नोंद कुठल्याच श्रेयनामावलीत होत नाही.

'दुर्गा झाली गौरी'त लहानपणी काम केलेलं कोणी हे वाचत असेल तर कमेंटमध्ये लिहा. तालमी कशा व्हायच्या, सुलभाताई काय सांगायच्या, अगदी बारीकसारीक आठवणीसुद्धा लिहा. हे अजून गोळा करता येण्यासारखं आहे.