घडीच्या चाकूवरची खाच रक्तासाठी नसते

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मोबाइलवर फिरणारा एक संदेश असे ठासून सांगतो की, घडीच्या चाकूच्या पात्यावरची खाच रक्त वाहून जावे आणि जखमेत हवा शिरून पाते सहज निघावे म्हणून कोरलेली असते. सबब असा चाकू बाळगणारा माणूस सरळ नसतो. ऊस, तंबाखू, काजूच्या कामात ज्यांना हा चाकू रोज लागतो, त्यांच्यावर असा संशय घेणे अन्यायाचे आहे, आणि त्याला दिलेले कारणही चुकीचे आहे.

हवेच्या अभावामुळे पाते मांसात अडकत असते, तर दिवसभर मांस कापणाऱ्या खाटकाच्या सुरीला आधी चर पाडला गेला असता. ती सुरी सपाटच असते.

चाकू मिटला की धार मुठीत जाते आणि पात्याच्या पाठीची जेमतेम पट्टी बाहेर उरते. तिथे नख अडकवून पाते उघडता यावे, एवढ्यासाठीच ती खाच असते. म्हणूनच ती पाठीलगत आणि बहुधा एकाच बाजूला आढळते. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्झनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला जे चाकू पुरवायला सुरुवात केली, त्यांच्या आजच्या वंशजांत डबा उघडण्याच्या पात्यावरही नखाची खाच असते, आणि डब्याशी रक्ताचा काही संबंध नाही. काही चाकूंवर ही खाच लांबवर ओढलेली असते. गैरसमज बहुधा तिच्यामुळेच होतो.

तलवारीवरचा लांब चर वेगळा. त्याने ताठपणा फारसा न घटता वजन कमी होते, हे उद्यमबागेतल्या कारखान्यांत आय-आकाराचे गर्डर हाताळणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. घडीच्या चाकूचे पाते इतके लहान असते की त्यावरचा चर मुख्यतः शोभेचाच ठरतो.

धारेच्या मुळाशी असलेली अर्धगोल खाच हा कारखान्यातला दोष आहे, असेही त्याच संदेशात म्हटले आहे. तीही मुद्दाम ठेवलेली असते. दगडावर धार लावताना शेवटचा कोपरा बोथट राहू नये, म्हणून धार त्या खाचेशी संपवतात. तिच्याजवळ पात्याच्या बुडाला असलेला छोटा उंचवटा मिटलेल्या पात्याला आतल्या स्प्रिंगवर टेकून धरतो आणि धारेला तिच्यापासून दूर ठेवतो. तो वेडावाकडा वाटतो म्हणून कोणी कानसीने घासून टाकला, तर चाकू मिटताना दर वेळी धार स्प्रिंगवर आपटू लागेल.