विजयदुर्गावरचे ओटे १८६८ चे नव्हेत

१८ ऑगस्ट जवळ आला की आमच्या देवगड तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो: १८६८ साली याच दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिलं, हेलियम वायू शोधला, त्यांच्या दुर्बिणीचे ओटे आजही तिथे आहेत. किल्ल्यावर माझा जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढतोय.

लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हतेच, ते इंग्लंडात होते. ग्रहण खग्रास होतं आणि दक्षिण हिंदुस्थानातून दिसलं, एवढं खरं. पण आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा! गाजलेले वेध पूर्व किनाऱ्याकडचे: गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सन, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन. सूर्यज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात, जान्सन यांना तेजस्वी रेषा दिसल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. लॉकियर यांच्या हाती नवा वर्णपटदर्शक, म्हणजे असा पट्टा दाखवणारं यंत्र, पडलं तेच ऑक्टोबरात. २० ऑक्टोबरला त्यांनी घरबसल्या तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली.

'वायू शोधला' हेही तसं नाही. चुलीत चिमूटभर मीठ टाकून बघा, जाळ पिवळाधमक होतो. तो सोडियमचा रंग. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरलेल्या असतात; सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा येतात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर. सूर्यज्वालेतली पिवळी रेषा होती ५८७.६ वर. एवढ्याशा फरकावरून लॉकियर यांनी नवं मूलद्रव्य ओळखलं. सूर्याच्या ग्रीक नावावरून ते हेलियम झालं. पृथ्वीवर तो वायू हाती लागला थेट १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना, युरेनियमच्या खनिजातून. तोवर सत्तावीस वर्षं हेलियम म्हणजे नुसती एक रेषा होती.

राहिले ओटे. लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. सोबत वर्णपट टिपणारे कॅमेरे होते, मदतीला ब्रिटिश नौदलाचे खलाशी. आकाश मोकळं मिळालं, काम झालं. 'साहेबाच्या ओट्यां'चा मेळ बसतो तो याच मोहिमेशी. हेलियम तेव्हा जुना झाला होता. साहेब आले होते खग्रास स्थितीतल्या सूर्याचा वर्णपट उतरवून घ्यायला.

पोरांना घेऊन गडावर जरूर जा, ओट्यावर उभं करा. मात्र त्यांना तारीख सांगा ती २२ जानेवारी १८९८.