खाटा मोजण्याआधी फॉल्स सिलिंग उघडा

रुग्णालयाच्या विस्ताराची घोषणा होते तेव्हा आकडा एकच असतो, खाटांचा. २०० च्या ३०० होणार, वर दोन मजले चढणार, नवं आयसीयू येणार. मेन पॅनलवर किती लोड शिल्लक आहे, ऑक्सिजनच्या पाइपचा व्यास केवढा, स्ट्रेचर मावेल अशा लिफ्ट किती, हे त्यात नसतं. घोषणेत नसलं तर एक वेळ समजू शकतो. बऱ्याचदा ते प्रस्तावातही नसतं, आणि माझं भांडण तिथे आहे.

मी रुग्णालयाच्या इमारतीकडे देखभालवाल्याच्या नजरेने बघतो, त्यामुळे माझं मत एकांगी वाटलं तर वाटू दे.

ऑक्सिजनचंच घ्या. साध्या नळीवरचा रुग्ण मिनिटाला साधारण २ ते ६ लिटर घेतो. हाय-फ्लो मशिनवरचा ६० लिटरपर्यंत जाऊ शकतो. वॉर्ड तोच, खाटा त्याच दहा, पण मागणी ६० लिटरवरून ६०० वर. कोविडच्या काळात कितीतरी रुग्णालयांत टाकीत ऑक्सिजन होता, तरी लाइनच्या टोकाच्या खाटेवर दाब कमी पडत होता, कारण पाइप टाकला होता साध्या वॉर्डच्या हिशेबाने. शिवाय ओढ वाढली की द्रव ऑक्सिजनचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरवर बर्फ धरतो आणि वायू व्हायचा वेगच मंदावतो. म्हणजे टाकी मोठी आणून भागत नाही. हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलं. तरी आजही ‘जनरल वॉर्डचं आयसीयू करू’ म्हणताना पाइपलाइनचा विषय निघतो तो खाटा लावून झाल्यावर.

दुसरी गोष्ट मजल्याच्या उंचीची. ऑपरेशन थिएटरमध्ये तासाला साधारण २० वेळा हवा बदलावी लागते. त्यासाठी जाडजूड डक्ट लागतात, ते बीमच्या खालून न्यावे लागतात, त्यांच्या खाली दिवे आणि पेंडंट, म्हणजे गॅस-विजेची जोडणी देणारे छताला टांगलेले हात, येतात. जुन्या इमारतीत स्लॅबपासून स्लॅबपर्यंत सव्वातीन मीटर उंची मिळाली, तर हे सगळं बसवल्यावर सर्जनच्या डोक्यावर काय उरतं याचा हिशेब करा. एका ठिकाणी थिएटरसाठी निवडलेल्या खोलीचं फॉल्स सिलिंग उघडलं, तर वरच्या मजल्यावरच्या संडासाची लाइन बरोबर टेबलाच्या जागेवरून गेलेली, आणि सांध्याला जुन्या ओलीचा पिवळा डाग. नकाशात ती लाइन नव्हतीच. नकाशा बांधकामाआधीचा होता. प्रत्यक्षात काय बांधलं, मग कुणी काय फिरवलं, हे कुणी उतरवूनच ठेवलं नव्हतं.

एमआरआयचं चुंबक काही टनांचं असतं. ते जिथे ठेवायचं तिथला स्लॅब सगळे तपासतात, पण ज्या वाटेने ते आत जाणार त्या वाटेचा स्लॅब तपासायचं राहून जातं. शेजारी लिफ्ट किंवा गाड्यांची ये-जा असेल तर हलत्या लोखंडामुळे प्रतिमा बिघडू शकते. कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या लिनॅक मशिनच्या बंकरला दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात, म्हणून तो बहुतेक तळमजल्यावर नाहीतर तळघरात असतो. तळमजला आधीच ओपीडी आणि बिलिंगने भरून टाकला असेल, तर पुढे कॅन्सर विभाग कुठे घालणार?

पाणी, सांडपाणी, जनरेटर यांचं गणित त्यामानाने सोपं. मोठ्या रुग्णालयात खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाणी धरतात. १०० खाटा वाढल्या की ४५,००० लिटर, आणि त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन बाहेर पडणार. गुणाकार कुणालाही येतो, तो वेळेवर करायचा एवढंच.

लिफ्टबद्दल मात्र मी चिडतो. चार मजल्यांसाठी बसवलेल्या दोन लिफ्ट सहा मजल्यांना पुरवायच्या. मग ऑपरेशन झालेला रुग्ण, जेवणाच्या ट्रॉल्या, कचऱ्याच्या पिशव्या आणि नातेवाईक एकाच दारासमोर उभे.

आणि हे सगळं करायचं ते रुग्णालय चालू ठेवून. भिंत फोडली की धूळ उडते, त्या धुळीत ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात, आणि शेजारच्या वॉर्डात केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती घटलेला माणूस झोपलेला असतो. त्याला ती बुरशी जिवावर बेतू शकते. म्हणून आधी एक वॉर्ड रिकामा करून दुसरीकडे हलवायचा, कामाची जागा बंदिस्त करायची, मग तोडफोड. त्यासाठी मोकळी जागा हाताशी लागते, आणि ‘एवढी जागा रिकामी का?’ म्हणत पहिली कात्री तिलाच लागते.

यावर डोकं चालवलेली माणसं आहेत. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात, जे १९७० मध्ये सुरू झालं, वास्तुरचनाकार जॉन वीक्स यांनी मुद्दाम इमारतींची टोकं मोकळी सोडली, पुढे जोडता यावं म्हणून. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या इमारतीत दोन मजल्यांच्या मधे निव्वळ डक्ट आणि पाइपसाठी माणूस शिरू शकेल एवढी पोकळी ठेवली, म्हणजे खालचा विभाग बंद न करता वर काम करता येतं. आता कुणी म्हणेल, नव्या बांधकामात हे ठीक, आमची इमारत चाळीस वर्षांची आहे. बरोबर. पण मग जुन्या इमारतीत ओपीडी, कार्यालयं, साधे वॉर्ड ठेवा आणि थिएटर, आयसीयू, इमेजिंगसाठी शेजारी नवी इमारत उठवा. जुन्या सांगाड्यात सगळ्यात जड आणि सगळ्यात गुंतागुंतीचा विभाग कोंबण्याचा हट्ट मला आजवर कळलेला नाही. जुन्या पायावर मजले चढवायचेच असतील तर निदान स्ट्रक्चरल ऑडिट घोषणेच्या आधी करा.

माझी मागणी छोटी आहे. विस्ताराच्या पहिल्याच बैठकीला इलेक्ट्रिकल सुपरवायझर, गॅस प्लांटचा टेक्निशियन आणि सीएसएसडीची, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाची, इन्चार्ज सिस्टर यांना बोलवा. कुठला व्हॉल्व्ह बंद केला की कुठला वॉर्ड बंद पडतो, निर्जंतुकीकरणाचे ऑटोक्लेव्ह रात्री किती वाजेपर्यंत चालवावे लागतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. सध्या त्यांना बोलावणं जातं ते टेंडर निघाल्यावर, शटडाउन कधी मिळेल एवढंच विचारायला.