फक्त आकडा म्हणे!

दर आठ-पंधरा दिवसांनी तो मेसेज येतोच. उगवता सूर्य, त्यापुढे धावणारे पांढऱ्या केसांचे कुणी गृहस्थ, आणि खाली मजकूर: 'वय हा फक्त आकडा आहे. मन तरुण तर शरीर तरुण. रोज दहा हजार पावलं चाला, म्हातारपण जवळ फिरकणार नाही. उतारवयात झोप कमीच लागते, तो वेळ कामी लावा.' गेल्या खेपेला माझ्या एका शाळासोबत्याने पाठवला. पाठवताना त्याने फोन हातभर लांब धरला असणार, हे मी न बघता सांगतो. माझं वय त्रेसष्ट. आजवर उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवून गप्प बसलो, आता जरा बोलतो.

आधी आकडा. नेदरलँड्समधल्या एमिल राटेलबांड यांनी २०१८ मध्ये हे वाक्य थेट कोर्टात नेलं. वय ६९, म्हणणं एवढंच की मला ४९ चं असल्यासारखं वाटतं, तर जन्मतारीख वीस वर्षांनी पुढे सरकवा. कोर्ट म्हणालं, स्वतःला वीस वर्षांनी लहान समजा, तसे वागा, आमची ना नाही. पण तारीख बदलणार नाही. कारण मतदानापासून शाळेपर्यंत कितीतरी हक्क आणि कर्तव्यं वयाला बांधलेली आहेत.

कोर्टाचं सोडा, माझा रक्ताचा रिपोर्ट घ्या. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळायचा कचरा, १.१. पंचविशीतल्या मुलाचंही १.१ असू शकतं. पण मूत्रपिंड किती गाळतं हे काढायच्या सूत्रात वय घालावं लागतं. ते घातलं की त्याचं उत्तर येतं ९५ च्या आसपास आणि माझं ७५. यात सूत्राचा दुजाभाव नाही. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये, आणि वयाबरोबर स्नायू झडतात. कचराच कमी तयार होत असताना रक्तात तेवढाच दिसतोय, म्हणजे झाडू मंद झालाय. हे उत्तर बरंच खाली गेलं की कित्येक औषधांचा डोस बदलावा लागतो. तेव्हा डॉक्टरांसमोर 'आकड्याला काय महत्त्व' म्हणणाऱ्याने आधी आपल्या मूत्रपिंडाला विचारावं.

'मन तरुण तर शरीर तरुण' यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. अमेरिकी संशोधक बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने बघणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. पण शब्द नीट वाचा: म्हातारपणाकडे बघणारे. 'मी म्हातारा नाहीच' म्हणणारे नव्हेत. मेसेजवाल्यांनी नेमका हाच फरक खाल्लाय.

आणि मनाने कानाचं काय होतं, तेही सांगतो. दवाखान्यात टोकन घेऊन बसलो होतो. नंबर ६०. आतला मुलगा दारात येऊन काहीतरी ओरडला. मला ऐकू आलं 'आठ'. मी मनात म्हटलं, आठ नंबर तर केव्हाच येऊन गेला, हा पोरगा झोपेत आहे काय? तो पुन्हा ओरडला. पुन्हा 'आठ'. तिसऱ्यांदा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो 'साठ' म्हणत होता. वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, आणि 'स' त्यातलाच. स्वर शाबूत राहतात, म्हणून बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. कानातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या, हे उंच आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मी मात्र दोन वर्षं 'हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात' असं म्हणून तपासणी टाळली. मन तरुण होतं ना!

या मेसेजवर माझा खरा राग आहे तो इथे. गुडघा दुखला, ऐकू आलं नाही, तर दोष कुणाचा? तुमच्या मनाचा. तुम्ही म्हणे हार मानलीत. म्हणजे दुखणं ते दुखणं, वर अपराध!

दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकातून आलेलाच नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, सरासरी ७२ वर्षांच्या बायकांमध्ये, रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. (धडधाकट माणूस मुळातच जास्त चालतो, हेही लक्षात घ्या.) शिवाय नुसत्या चालण्याने ताकद फारशी येत नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. नऊ जण शेवटपर्यंत टिकले, आणि त्यांच्या पायांतली ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. त्यांना कुणी 'तुम्ही तरुणच आहात' सांगितलं नव्हतं. ताकद मोजून, त्या हिशोबाने वजन वाढवलं होतं.

राहिली झोप. पासष्टीनंतरही सात-आठ तास झोपेची शिफारस आहे. गरज फारशी घटत नाही, गाढ झोप घटते. सलग लागत नाही आणि पहाटेच उडते. तो वेळ कामी कसा लावतात, हे सोबत्याच्या मेसेजवरच्या वेळेवरून कळलं: पहाटे ४ वाजून १२ मिनिटं.

मी तो ४ वाजून १४ मिनिटांनी वाचला.